पाणी सांगेल तो रॉड

फ्लाय म्हणजे किड्यासारखे दिसणारे खोटे आमिष, आणि तिला वजन नसते. चार पिसे, थोडी लव, दोऱ्याचे काही वेढे आणि एक बारीकसा गळ, एवढेच तिचे अंग. हातात धरून जोराने भिरकावली तरी ती पुढ्यातच पडेल. गळाने मासे धरण्याच्या इतर पद्धतींत जड आमिष किंवा शिशाची गोळी पुढे जाते आणि दोरा तिच्यामागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये वजन असते लाइनला, म्हणजे त्या दोऱ्यालाच. त्या वजनाने रॉड वाकतो, सरळ होताना लाइनला पुढे झोकून देतो, आणि लाइनच्या टोकाचा निमुळता धागा, म्हणजे लीडर, उलगडत जाऊन फ्लाय पाण्यावर ठेवतो. कोणत्या पाण्याला कोणता रॉड, याची सगळी उत्तरे या एका गोष्टीत आहेत. तरीही रॉड निवडताना बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मासा केवढा असेल, हा. माझ्या मते पहिला प्रश्न पाण्याचा हवा. फ्लाय किती लांब टाकायची आहे? पाठीमागे जागा मोकळी आहे की झाडी? वारा असतो का? आणि तुमच्या नि माशाच्या मधले पाणी एका वेगाने वाहते की तीन वेगांनी?

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी आणि नंबर लिहिलेला असतो. ९ फूट, ५ नंबर. हा नंबर म्हणजे रॉडची ताकद असे समजले जाते, पण मुळात तो लाइनचा नंबर आहे. लाइनच्या पुढच्या टोकाकडच्या ३० फुटांचे वजन करून हा नंबर ठरतो आणि ते वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. ३ नंबरची लाइन १०० ग्रेन, ४ नंबरची १२०, ५ ची १४०, ६ ची १६०, ८ ची २१०, १० ची २८० आणि १२ ची ३८०. म्हणजे ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट जेमतेम ९ ग्रॅम भरतात आणि १२ नंबरचे सुमारे २५ ग्रॅम. रॉडवर ५ लिहिले आहे याचा अर्थ इतकाच, की शेंड्याबाहेर ३० फूट लाइन असताना ९ ग्रॅमच्या आसपासच्या वजनाला हा रॉड नीट वाकेल, असे बनवणाऱ्याला वाटते. त्यातही आजकालच्या अनेक लाइन मापापेक्षा अर्धा-एक नंबर जड बनवतात, कारण कडक रॉड जड लाइनने लवकर वाकतो आणि हातात घेताक्षणी बरा वाटतो. म्हणून लाइनच्या खोक्यावरचा नंबर न पाहता ग्रेनचा आकडा पाहावा. तो बहुतेक वेळा छापलेला असतो.

आता हे ३० फूट डोक्यात ठेवून एखाद्या अरुंद ओढ्यावर या. दोन्ही बाजूंनी फांद्या आत आलेल्या, गुडघाभर पाणी, मासा सहा-सात मीटरवर दगडाच्या आडोशाला. या अंतरातून साडेसात फुटांचा लीडर आणि रॉडची पुढे आलेली लांबी वजा केली तर शेंड्याबाहेर लाइन उरते ती फार तर सहा ते दहा फूट. लाइनचा पुढचा भाग निमुळता असतो, त्यामुळे ५ नंबरच्या लाइनच्या या दहा फुटांचे वजन १४० ग्रेनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरते. १४० ग्रेनसाठी बनवलेला कडक कार्बनचा रॉड एवढ्याशा वजनाला वाकतच नाही. रॉड वाकला नाही की माणूस आपोआप हाताने जोर लावतो, मनगट मागे पडते, लूप (हवेतून जाणाऱ्या लाइनची कमान) उघडा होतो, आणि लीडर सरळ न होता माशाच्या डोक्यावर गुंता होऊन पडतो. पुष्कळांना वाटते आपल्याला कास्ट, म्हणजे फेक, जमत नाही. खरे तर तो रॉड त्या पाण्याचा नसतो.

ओढ्यासाठी माझी पहिली पसंती फायबरग्लासला आहे. सात ते साडेसात फूट, ३ नंबर. काचतंतू कार्बनपेक्षा कमी ताठ असतात, म्हणून ग्लासचा रॉड दहा फूट लाइनलाही खोलवर वाकतो. हाताने फक्त दिशा द्यायची, बाकी काम रॉड करतो. फायबरग्लासचे रॉड दुसऱ्या महायुद्धानंतर आले आणि १९७० च्या दशकात कार्बनने त्यांना मागे सारले. पण मागे पडले ते लांब पल्ल्याच्या कामात. जवळच्या पाण्यावर त्यांची बरोबरी करणारे कार्बनचे रॉड मोजकेच आहेत. ग्लासची मर्यादा वजनाची. आठ फुटांच्या वर गेले की शेंडा जड लागतो, कास्ट थांबवल्यावरही तो डुलत राहतो आणि त्या डुलण्याच्या लाटा लाइनमध्ये उतरतात. घरात कार्बनचाच रॉड असेल तर एक नंबर जड लाइन चढवून पाहावी, ४ च्या रॉडवर ५ ची. जवळच्या अंतरावर फरक लगेच कळतो. दोन नंबर मात्र चढवू नयेत. जरा लांब टाकायला गेले की रॉड पार लवतो आणि लूप उघडतो.

ओढा लहान म्हणून रॉड सहा फुटांचाच हवा, असा एक समज आहे. फांद्यांचे छत खरोखर डोक्याला लागत असेल तर तो बरोबर आहे. पण जिथे डोक्यावर थोडी जरी मोकळीक असेल तिथे मी साडेसात-आठ फुटांकडे झुकतो. खडकाळ ओढ्यात मधल्या धारेवर लाइन पडली की ती फ्लायला ओढून नेते, आणि तिच्या स्वतःच्या पाण्यापेक्षा वेगाने पळणाऱ्या फ्लायकडे मासा पाहत नाही. दीड फूट जास्त लांबी असली की लाइन त्या धारेच्या वरच्या वर धरता येते. दाट झाडीत धनुष्यासारखा कास्ट करतात. गळाचा बाक दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, टोक बोटांपासून बाहेर ठेवायचे, शेंडा वाकेपर्यंत लाइन मागे खेचायची, रॉडच्या हाताने लाइन मुठीशी दाबून ठेवायची आणि चिमूट सोडायची. कडक शेंडा यात पुरेसा वाकत नाही, मऊ शेंडा फ्लाय अलगद फांदीखाली पोहोचवतो.

जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची तेनकारा पद्धत हाच विचार शेवटपर्यंत नेते. लाइन गुंडाळायचे रील नाही, लाइन ओवायच्या कड्या नाहीत, ११ ते १३ फुटांचा एकात एक सरकणारा रॉड आणि त्याच्या शेंड्याला बांधलेली जवळपास तेवढ्याच लांबीची लाइन. फ्लाय आणि थोडेसे टिपेट (फ्लायला बांधलेला सर्वांत बारीक धागा) सोडून पाण्याला काहीच लागत नाही, त्यामुळे तीन धारांपलीकडच्या छोट्या शांत जागेतही फ्लाय थांबवता येते. पण माशाला लाइन सोडता येत नाही. म्हणून टिपेट रॉडपेक्षा दुबळे ठेवावे लागते, साधारण ५ एक्सपेक्षा जाड नको (एक्सचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक). मासा मोठा लागला तर टिपेट तुटू दे, शेंडा नको.

ओढ्याच्या अगदी उलट स्वभाव जिवंत झऱ्यांवर पोसलेल्या संथ नद्यांचा. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या प्रदेशातल्या नद्या याचा नमुना. पाणी काचेसारखे, पृष्ठभाग सपाट, तळाशी हलणारे शेवाळ-वेली. मासा फ्लायकडे सावकाश, निरखून पाहतो. फ्लाय १८ ते २२ नंबरची (हा गळाचा नंबर, आकडा मोठा तितकी फ्लाय लहान), म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि टिपेट ६ किंवा ७ एक्सचे. टिपेटची जाडी काढायची सोपी रीत आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उरतील तितके इंचाचे हजारांश. ६ एक्स म्हणजे ०.००५ इंच, सुमारे ०.१३ मिलिमीटर. इतक्या बारीक धाग्यावर मासा लागला की पहिला हिसका कोण पचवणार? शेंडा. तो कडक असेल तर नुसता गळ रोवतानाच टिपेट तुटते. इथे ३ किंवा ४ नंबर, साडेआठ ते नऊ फूट आणि मधल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वाकणारा, मीडियम ॲक्शनचा रॉड घ्यावा. हलकी लाइन पाण्यावर पडताना कमी आपटते, हेही तितकेच महत्त्वाचे. १०० ग्रेन आणि १४० ग्रेन यांतला फरक सपाट पाण्यावर दिसतो, तिथे उठणाऱ्या तरंगात.

मग सगळीकडे ३ नंबरच का नाही? वाऱ्यामुळे. हलक्या लाइनमध्ये जोर कमी साठतो, समोरून वारा आला की लीडर उलगडण्याआधीच ती थांबते. उघड्या माळावरून वाहणाऱ्या संथ नदीवर दुपारनंतर वारा उठतोच. त्यामुळे अशा पाण्यासाठी एकच रॉड ठेवायचा झाला तर मी ९ फूट ४ नंबर ठेवीन. ३ चा नाजूकपणा थोडा कमी होतो, पण दिवसभर तो हातात राहू शकतो.

बांबूचा रॉड शोभतो तोही याच पाण्यावर. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंगमधला टोंकिन बांबू चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासतात आणि चिकटवून षट्कोनी काठी करतात. याची सगळी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते, म्हणून तासताना सालीकडचे तंतू शाबूत ठेवून आतला भाग काढतात. डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा तिथल्या कारागिरांचा बांबू तुटला, आणि फायबरग्लासला वाट मोकळी झाली. साडेसात-आठ फुटांचा ४ नंबरचा बांबू सावकाश लयीत चालवायचा असतो. मागची लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे, कार्बनच्या सवयीने घाई केली की तो साथ देत नाही. बांबूला कायमचा बाक बसू शकतो. तो टाळायला रॉड भिंतीला टेकवून ठेवू नये, पिशवीत घालून उभा टांगावा. अडकलेली फ्लाय रॉडने उपसू नये, लाइन हातात धरून ओढावी. मासा खेळवताना मधूनच रॉड अर्धा फिरवून कड्या वर घ्याव्यात, म्हणजे ताण एकाच बाजूला बसत नाही.

मध्यम आकाराची खडकाळ नदी म्हटली की ९ फूट ५ नंबर हे उत्तर ठरलेले. उत्तर चुकीचे नाही. १० ते १८ नंबरच्या ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणाऱ्या), तरंगत्या इंडिकेटरखाली (मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंड्याखाली) दोन निम्फ (बुडणाऱ्या फ्लाय), लहानसा स्ट्रीमर (छोट्या माशासारखी फ्लाय), सगळे यात बसते, आणि दहा ते पंधरा मीटरच्या अंतरावर रॉड पूर्ण वाकतो. पहिला रॉड म्हणून हाच घ्यावा. फक्त ओढ्यावर तो मुका राहतो आणि मोठ्या तलावावर धापा टाकतो, हे जाणून घ्यावे. नदी रुंद असेल, वारा नेहमीचा असेल, बोटभर लांबीचे जड स्ट्रीमर टाकायचे असतील तर ६ नंबर. जड फ्लायला घेऊन जायला जड लाइन लागते, रॉडचा कडकपणा त्या कामी येत नाही.

याच नद्यांवर कार्बनचे सर्वांत जास्त रॉड मोडतात, आणि मोडण्याचे कारण बहुधा त्या दिवसाचे नसते. इंडिकेटर, शिशाच्या गोळ्या आणि दोन निम्फ असे ओझे असताना नेहमीसारखा टोकदार लूप मारला की गोळी परतताना रॉडवर आपटते. कार्बनचा रॉड म्हणजे पातळ भिंतीची नळी, तिच्यातले बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने. आपटल्या जागी केसाएवढी चीर पडते, ती दिसत नाही. महिन्याभराने एखादा लहानसा मासा उचलताना तिथेच कटकन तुटतो आणि दोष माशाला दिला जातो. उपाय कास्टमध्ये आहे. ओझे असताना रॉड सावकाश, लंबगोल फिरवावा, मागे बाजूने न्यावा आणि पुढे डोक्यावरून आणावा, लूप मुद्दाम उघडा ठेवावा.

आता निम्फ ताणलेल्या लाइनने वाहवण्याच्या पद्धतीविषयी. रॉडची निवड इथे जितकी नेमकी करावी लागते तितकी कुठेच नाही. वाहत्या पाण्यात तळाशी घर्षणाने वेग कमी असतो आणि वर जास्त. मासा तळाशी, निम्फ तळाशी, पण लाइन वरच्या वेगवान पाण्यावर पडली तर ती निम्फला खेचत नेते. म्हणून लाइन पाण्यावर पडूच द्यायची नाही. रॉड १० ते ११ फूट, नंबर २ ते ४, शेंडा पाण्याच्या वर धरलेला, रंगीत खुणेचा धागा हवेत, आणि खाली फक्त बारीक टिपेट पाण्यात शिरलेले. रंगीत धागा किंचित थांबला किंवा तिरका झाला की लगेच उचलायचे. लांबी इथे खरोखर कामाची आहे. एक फूट वाढला की आणखी एक धार ओलांडून पलीकडच्या पाण्यात निम्फ नेता येते.

अडचण होते ती हवेतल्या लाइनच्या झोळामुळे. शेंडा आणि पाणी यांच्यामधली लाइन स्वतःच्या वजनाने लोंबते आणि निम्फला तुमच्याकडे ओढते. नेहमीची लाइन तर फारच. म्हणून सगळ्या लांबीत सारखी, ०.५५ मिलिमीटरच्या आसपास जाडीची लाइन वापरतात, किंवा इतका लांब लीडर की लाइन शेंड्याबाहेर येतच नाही. मग रॉडवरच्या नंबरला अर्थ काय उरला? कास्टपुरता जवळपास काहीच नाही. तो फक्त शेंड्याचा मऊपणा सांगतो. ६ एक्स वापरायचे तर २ किंवा ३ नंबरचा शेंडा, जड निम्फ आणि जोरदार पाणी असेल तर ४. बुंधा मात्र तिघांचाही भक्कम हवा, कारण प्रवाहात आडवा झालेला मासा शेंड्याने थांबत नाही.

लांब रॉडचे दुखणे समतोलाचे. हात पुढे ताणून तासन्‌तास धरायचा असतो. शेंडा जड असेल तर मनगट आणि कोपर दुपारपर्यंत बोलू लागतात, आणि दुखरा हात खाली येतो तसा शेंडाही खाली येतो, झोळ वाढतो. रॉडला रील लावून, लाइन ओवून, मुठीच्या पुढच्या टोकाशी एका बोटावर तोलून पाहावा. शेंड्याकडे कलंडला तर जड रील लावावे. हलके रील चांगले, हा नियम इथे उलटा होतो. रील मुठीच्या अगदी शेवटी बसेल अशी बैठक असेल तर तेच वजन जास्त परिणाम करते. कड्यांकडेही पाहावे. दोन कड्यांमध्ये अंतर जास्त असेल तर बारीक लाइन तिथेही लोंबते आणि लाइन मागे रीलकडे घसरते. चांगल्या निम्फ रॉडला कड्या लहान आणि संख्येने जास्त असतात. ही पद्धत रॉडच्या दीड-दोनपट अंतरापर्यंतच प्रामाणिकपणे चालते. त्यापुढे झोळ जिंकतो, आणि आडवा वारा तर याआधीच जिंकलेला असतो.

साचलेल्या पाण्यावर मासा आपल्याकडे वाहून येत नाही आणि फ्लायही त्याच्याकडे वाहत जात नाही. तो फिरत असतो, म्हणून जास्तीत जास्त पाण्यातून फ्लाय ओढून आणावी लागते. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या नावेतून तीन फ्लाय लावून समोर टाकायच्या, ओढत आणायच्या आणि शेवटी वरची फ्लाय पृष्ठभागावर नाचवत ठेवायची, या पद्धतीला १० फूट, ६ किंवा ७ नंबरचा रॉड लागतो. नऊ फुटांच्या रॉडने वरची फ्लाय नावेपासून पुरेशा अंतरावर उचलून धरता येत नाही, आणि पुष्कळ मासे नेमके त्याच क्षणी घेतात. फुगवलेल्या तरंगत्या खुर्चीत कमरेपर्यंत पाण्यात बसून टाकणाऱ्यालाही दहा फूटच बरा. बसल्याने उंची गेलेली असते, मागची लाइन पाण्याला लागते.

बुडणाऱ्या लाइनचा हिशोब साधा आहे. तिसऱ्या श्रेणीची लाइन सेकंदाला साधारण तीन इंच बुडते, म्हणजे तीन मीटर खोल जायला सुमारे ४० सेकंद. मोजत राहायचे. पण ती वर काढताना रॉडची परीक्षा असते. बुडालेली लाइन थेट मागे उचलायला गेले तर पाण्याचा सगळा भार एकदम रॉडवर येतो. आधी लाइन जवळ ओढून घ्यावी, एक रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पुढे उलगडत टाकणे) करून ती पृष्ठभागावर आणावी आणि ती बुडायच्या आत उचलून मागे न्यावी. यासाठी बुंध्यात दम असलेला रॉड हवा, मऊ रॉड इथे नुसता वाकून उभा राहतो.

फार रुंद नद्यांवर, पाठीशी उंच काठ असताना, दोन हातांनी चालवायचे रॉड येतात. स्कॉटलंडच्या स्पे नदीवरूनच या कास्टना नाव मिळाले. साडेबारा ते चौदा फूट, ७ ते ९ नंबर. लाइन मागे पूर्ण सोडायची नाही, तिचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवून मागे फक्त कमान करायची. एवढे लक्षात ठेवावे की यांचे नंबर वेगळ्या मापाचे आहेत. एका हाताच्या ८ नंबरला २१० ग्रेन लागतात, दोन हातांच्या ८ नंबरला ५०० च्या वर. लाइन घेताना नंबर विसरून रॉडला किती ग्रेन मानवतात तेच पाहावे.

समुद्राच्या उथळ पाण्यावर मात्र फास्ट रॉडला पर्याय नाही. बोनफिशसाठी ९ फूट ८ नंबर, परमिटसाठी ९ किंवा १०, टार्पनसाठी ११-१२. मासा दिसतो, फिरत असतो, वारा तोंडावर असतो, आणि एक-दोन झटक्यांत १५ ते २० मीटर लाइन बाहेर काढून नेमकी टाकायची असते. फक्त शेंड्याच्या तिसऱ्या हिश्शात वाकणारा रॉड टोकदार लूप देतो आणि टोकदार लूप वाऱ्यात घुसतो. मोठ्या लांबीवर लाइनचे पूर्ण वजन शेंड्याबाहेर असल्याने कडक रॉडही इथे व्यवस्थित वाकतो. ओढ्यावर निकामी ठरलेला गुण समुद्रावर कामाला येतो तो असा. मुठीखाली पोटाला टेकवायचा जोड हवा, मूठ दोन्ही टोकांना फुगीर हवी म्हणजे अंगठ्याला आधार मिळतो, आणि पहिली कडी मोठी हवी, नाहीतर वेगाने सुटणाऱ्या लाइनचा पीळ तिथेच अडकतो. लाइन उष्ण हवेसाठी बनवलेली असावी. थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ होऊन कड्यांना चिकटते. रोज संध्याकाळी रॉड, कड्या आणि रीलची बैठक गोड्या पाण्याने धुवावी. बैठकीच्या आट्यांत सुकलेले मीठ धातू खाते आणि मग रील निघता निघत नाही.

'हाय मॉड्युलस' हे शब्द वाचून रॉड घेणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. कार्बन जितका ताठ तितका कमी माल वापरून तेवढाच ताठपणा मिळतो, रॉड हलका होतो, झटकन सरळ होतो. पण भिंत पातळ होते आणि धक्का सोसण्याची शक्ती घटते. समुद्रावर हा सौदा पटतो. झाडीत, दगडांत, नावेत पायाखाली येणाऱ्या रॉडला थोडा जाड, थोडा जुन्या ढंगाचा कार्बनच बरा.

पारखताना रॉड हवेत हलवून काहीच कळत नाही. योग्य लाइन आणि लीडर लावून, गळ नसलेली फ्लाय किंवा लोकरीचा बारीक तुकडा बांधून, ज्या अंतरावर वापरायचा त्याच अंतरावर टाकून पाहावा. सहा मीटरवर वापरायचा रॉड वीस मीटर टाकून पारखणे व्यर्थ. आधी लीडर आणि हातभर लाइनवर टाकावा, मग नऊ मीटर, मग बारा. कास्ट थांबवल्यावर शेंडा किती वेळा डुलतो ते पाहावे. एकदा डुलून थांबला तर उत्तम. एक रोल कास्टही करून बघावा, पाठीशी झाडी असलेल्या पाण्यावर तोच जास्त लागतो. दोन झटक्यांत हात थकला तर मूठ आपल्या हाताची नाही, रॉड कितीही नावाजलेला असो.

जोडताना तुकडे एकमेकांत पाव वळण तिरपे सुरू करावेत आणि दाबत-दाबत कड्या सरळ रेषेत आणाव्यात. दर तासा-दोन तासांनी जोड चाचपावेत. सैल झालेल्या जोडावर कास्ट केला की बाहेरचा तुकडा उभा चिरतो. जोडावर मेणबत्तीचे मेण हलके चोळले तर तो सैलही होत नाही आणि अडकतही नाही. अडकलाच तर कड्या धरून पिळू नये. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा घ्यावा, जोडाच्या दोन्ही बाजूंना हात गुडघ्यांना लागून ठेवावेत आणि पाय हळूहळू फाकवावेत, ओढ सरळ येते. मासा जवळ आल्यावर रॉड उभा करून मुठीच्या मागे झुकवू नये. तसे केले की सगळा बाक शेंड्याच्या दोन वितींत गोळा होतो आणि तो मोडतो. रॉड बाजूला, खाली झुकवून बुंध्याला काम द्यावे. ओला रॉड नळकांड्यात बंद करू नये, वार्निश फुगते आणि बुचाच्या मुठीला बुरशी येते. आणि कार्बनमधून वीज वाहते, म्हणून ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठापासून दूर जावे, विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभा करू नये.

रॉड वाढवायचे झाले तर नंबरांत अंतर ठेवावे. ४, ५, ६ असे तीन रॉड जवळपास एकच काम करतात. ३, ५ आणि ८ ठेवले तर ओढा, नदी आणि समुद्राचा उथळ किनारा, तिन्ही सुटतात. ५ आधीच असेल तर पुढचा रॉड नेहमी जिथे जाता त्या पाण्याने ठरवावा. अरुंद पाणी असेल तर सात-साडेसात फुटांचा ३ नंबरचा ग्लास, खोल वेगाची नदी असेल तर १० फूट ३ नंबरचा निम्फ रॉड, तलाव असेल तर १० फूट ७ नंबर. आणि नव्या रॉडबरोबर त्याची स्वतःची लाइन घ्यावी, जुन्या रॉडची काढून लावू नये.